वेगळा तवा, एक पंगत
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची, उद्योजकांची व समाजसेवकांची व्याख्याने झाली आहेत. आम्ही त्यांपैकी कोणी नव्हे, आणि वैद्यकाचे शिक्षणही आम्हांस नाही. तरीही चिटणिसांनी हा विषय आमच्याकडे सोपविला, याचे कारण एवढेच की, २०१४ सालापासून आमच्या घरात एक असा आजार वस्तीस आहे की, ज्यावर औषध नाही व शस्त्रक्रियाही नाही. आणि तरी तो उत्तम प्रकारे काबूत राहू शकतो. तो काबूत ठेवण्याचे काम मात्र दवाखान्यात होत नाही, स्वयंपाकघरात होते. या आजारास सीलियॅक असे म्हणतात. आमच्या कन्येस तो आहे. तिच्या निमित्ताने आमच्या पाच माणसांच्या कुटुंबास जे शिकावे लागले, ते आपल्यापुढे ठेवावे, इतकाच आमचा हेतू आहे.

प्रथम या आजाराचे स्वरूप थोडक्यात सांगतो. कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखाली धुवून पाहावा. पांढरा पिठूळ अंश पाण्याबरोबर निघून जातो आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. यासच ग्लुटेन म्हणतात. पोळी न तुटता पातळ लाटली जाते आणि पाव फुगतो तो याच्याच गुणाने. गहू, जव आणि युरोपात होणारे राय नावाचे धान्य (आपली मोहरी किंवा राई नव्हे) या तिन्हींत या जातीची प्रथिने असतात. बहुतेकांना ती निर्धोक असतात. परंतु काही विशिष्ट जनुके घेऊन जन्मास आलेल्या काही थोड्या माणसांच्या शरीरात ग्लुटेन गेले की, शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढविते. आतड्याच्या आतील पृष्ठभाग टर्किश टॉवेलासारखा असतो. त्यावर असंख्य बारीक अंकुर असतात आणि अन्नरस शोषला जातो तो त्यांच्याद्वारे. या हल्ल्यात ते अंकुर झडतात व टॉवेलाचे जणू गुळगुळीत कापड होते. मग माणूस पोटभर जेवतो, पण अंगी लागत नाही.

लक्षणे नाना प्रकारची असतात. कोणास जुलाब व पोटफुगी, कोणास बद्धकोष्ठ. कोणाची उंची खुंटते. कोणाच्या तोंडात वारंवार व्रण होतात, कोणाची हाडे ठिसूळ होतात. कित्येकांस पोटाची तक्रारच नसते. केवळ रक्तक्षय असतो, आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही तो हटत नाही. आमच्या कन्येचे असेच झाले. वयाच्या सहाव्या वर्षी ती चार वर्षांची दिसे. जंतांची औषधे झाली, टॉनिके झाली, दृष्टही काढून झाली. दोन वर्षांनंतर एका बालरोगतज्ज्ञांनी रक्ताची एक विशिष्ट तपासणी करविली व नंतर दुर्बिणीतून आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून निदान पक्के केले. गहू बंद झाल्यावर सहा महिन्यांत तिचा चेहरा पालटला, आणि वर्षभरात फ्रॉक आखूड होऊ लागले.

येथे एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. शंका आली म्हणून तपासणीपूर्वीच गहू सोडू नये. गहू सोडल्यावर रक्तातील खुणा पुसट होत जातात व निदान अवघड होते. आधी तपासणी, मग पथ्य, हाच क्रम योग्य. तसेच घरात एकास हा आजार निघाल्यास आईवडील व सख्ख्या भावंडांनीही रक्त तपासून घ्यावे. कारण इतरांपेक्षा त्यांच्यात तो आढळण्याचा संभव बराच अधिक असतो.

हा आजार नव्या जमान्याचे खूळ आहे, असे कोणी समजू नये. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ साली त्याचे नेमके वर्णन प्रसिद्ध केले आणि रोगी बरा झालाच तर तो आहाराने होईल असे सांगितले. पण कोणत्या आहाराने, ते त्यांस उमगले नव्हते. ते कोडे हॉलंडातील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उलगडले. गव्हाविषयीचा त्यांचा संशय महायुद्धापूर्वीचाच होता. १९४४–४५ च्या हिवाळ्यात हॉलंडात भीषण उपासमार झाली व पाव दुर्मीळ झाला. आसपासचे लोक खंगत असता त्यांची ही आजारी मुले मात्र सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच पुन्हा ढासळली! १९५० साली डिके यांनी युट्रेख्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात गव्हाचा दोष शास्त्रीय रीतीने मांडला. आपल्या देशात १९६६ साली उत्तर हिंदुस्थानातील मुलांमधील या रोगाविषयीचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात शेकडा १.२३, ईशान्येस शेकडा ०.८७ व दक्षिणेत शेकडा ०.१० लोकांच्या रक्तात या आजाराच्या खुणा आढळल्या. जेथे गहू अधिक खाल्ला जातो तेथे तो अधिक दिसतो. आपल्या घरांतून भाकरीची जागा जसजशी पोळीने घेतली आहे, तसतसे आपणही याविषयी सावध झाले पाहिजे.

आता पथ्याकडे वळू. ऐकावयास ते एका वाक्याचे आहे: गहू, जव व राय आयुष्यभर वर्ज्य. पाळावयास मात्र ते तितके सोपे नाही. इटलीतील एका अभ्यासात (२००७) असे दिसून आले की, रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जात राहिल्यास तीन महिन्यांत आतड्यास इजा पोहोचते. कणकेत ग्लुटेनचे प्रमाण साधारणतः शेकडा १० धरले, तर हा हिशेब अर्धा ग्रॅम कणकेचा होतो. म्हणजे एका पोळीचा जेमतेम पन्नासावा हिस्सा! पोळीच्या तव्यावर भाजलेली भाकरी, पुऱ्या तळलेल्या तेलात तळलेला पापड, कणीक लागलेल्या हाताने वाढलेला भात, एवढ्यानेही पथ्य मोडते. "एका घासाने काय होणार आहे?" हा प्रश्न आम्हांस शेकडो वेळा प्रेमाने विचारला गेला. त्याचे उत्तर हा हिशेब आहे.

डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा घरात ते सर्वांआधी कोणास उमजले असेल, तर आमच्या मातोश्रींस. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे सोवळंच की! भांडं वेगळं, पळी वेगळी, हात धुतल्याखेरीज शिवायचं नाही. आम्ही जन्मभर केलं आहे." आणि खरोखरच, एका कणाने अन्न बाटते ही जी गोष्ट आम्हांस कागदावर लिहून घ्यावी लागली, ती त्यांच्या हाताला आधीच ठाऊक होती. मात्र त्या जुन्या सोवळ्याने माणसामाणसांत अंतर पाडले, कित्येकांना पंगतीबाहेर बसविले, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या घरातील नव्या सोवळ्याचा उद्देश नेमका उलटा आहे. येथे विटाळ आहे तो गव्हाच्या कणाचा, माणसाचा नव्हे. आणि वेगळे शिजवावयाचे ते एका मुलीस सर्वांबरोबर बसून जेवता यावे म्हणून.

आमच्या घराची व्यवस्था आता सांगतो. पहिला प्रश्न असा होता की, गहू एकटीचा बंद करावा की साऱ्या घराचा? दोन्ही मार्ग लोक अवलंबितात. आम्ही मधला मार्ग काढला. घरातील रोजचा स्वयंपाक सर्वांसाठी बिनगव्हाचाच होतो. पोळी हवी असेल त्याने ती बाहेर खावी, किंवा आणलेली पोळी वेगळ्या ताटात, ओट्यापासून दूर खावी. कोरडी कणीक घरात येत नाही, कारण ती उडते व कोठेही बसते. लाकडी पोळपाट-लाटणे, जुनी चाळणी आणि चिरा पडलेला लाकडी कालथा घराबाहेर काढला; त्यांच्या फटींतील पीठ धुऊन निघत नाही. तवा नवा घेतला.

दुसरा प्रश्न दळणाचा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नसते. पण गिरणीत आपल्या आधी कोणाचा तरी गहू दळलेला असतो, आणि त्याचे पीठ आपल्या पिठात उतरते. यास्तव आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा दाणा कधीही न घालण्याचा नियम केला. पोत्यातील ज्वारीत गव्हाचे दाणे मिसळलेले सापडतात. म्हणून धान्य ताटात घेऊन, उजेडात बसून निवडावे लागते. हे काम आमच्याकडे पुरुषमंडळी रविवारी सकाळी करतात. पथ्याचा सारा भार एकट्या गृहिणीवर पडला तर ते पथ्य फार दिवस टिकत नाही, असा आमचा अनुभव आहे.

तिसरा प्रश्न छुप्या गव्हाचा. यांत सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे हिंग! बाजारातील बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, आणि आपली आमटी, लोणचे, चिवडा, पापड यांपैकी हिंगावाचून काय होते? डबीवरील घटक वाचून तांदळाच्या पिठाचा हिंग घ्यावा, अथवा शुद्ध खडा वापरावा. मेतकुटात व थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, सातूच्या पिठात गहू किंवा जव असतात, कुरडई व शेवया गव्हाच्याच. रवा, मैदा, सोजी, दलिया ही सर्व गव्हाचीच नावे. माल्ट असलेली पेये व बिस्किटे जवामुळे वर्ज्य. उपवासाचे राजगिरा-शिंगाड्याचे पीठ स्वभावतः निर्दोष, पण ते कोठे दळले याची चौकशी करावी. वेष्टनावर ग्लुटेनमुक्त असे छापावयाचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्या देशाचा नियम आहे. ते अक्षर शोधावयास मुलांना लवकर शिकवावे. आमची कन्या वाचावयास शिकली ती गोष्टींच्या पुस्तकांइतकीच पुड्यांवरूनही.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग खावयाचे तरी काय? बंधुभगिनींनो, या बाबतीत आपण फार भाग्यवान आहोत. युरोपातील माणसाचा पाव गेला की त्याची रोजची भाकरच जाते. आपल्या घाटावर ज्वारी-बाजरी आणि कोकणात तांदूळ-नाचणी पिढ्यान्‌पिढ्या आहेच. भाकरी, आंबोळी, घावन, धिरडे, तांदळाचे वडे, पोहे, वरी-तांदूळ, साबुदाण्याची खिचडी, उकडीचे मोदक, नारळीभात, अनारसे, बेसनाचे लाडू यांतील एकही पदार्थ आम्हांस नव्याने शोधावा लागला नाही. पाडव्यास श्रीखंडाबरोबर राजगिऱ्याची पुरी होते. होळीस पुरण शिजते, पण ते तांदळाच्या पातळ घावनात भरून. भाकरी डब्यात वातड होते, म्हणून शाळेस धिरडे किंवा घावन जाई. महागडी परदेशी बिस्किटे आम्ही प्रवासापुरतीच ठेवली. मात्र नुसत्या भात-साबुदाण्यावर राहू नये. नाचणीतून चुना, बाजरीतून लोह आणि डाळींतून प्रथिने मिळतील असा मेळ घालावा.

स्वयंपाकघर अशा रीतीने वर्ष-दीड वर्षात मार्गी लागले. अवघड राहिले ते घराबाहेरचे जग. आणि आज या व्यासपीठावर आम्ही उभे आहोत ते मुख्यतः त्यासाठी.

आपल्या समाजाचे आतिथ्य प्रसिद्ध आहे. पाहुण्याने नको म्हणावे व यजमानाने आणखी वाढावे, ही आपली रीत. परंतु ज्या मुलीस नको म्हणणे भागच आहे, तिची या रीतीने फार कुचंबणा होते. एका लग्नसमारंभात आमच्या कन्येच्या ताटात एका वडीलधाऱ्या बाईंनी मायेने जिलबी ठेवली. जिलबी मैद्याची, तिच्या पाकाचा ओघळ भातात गेला. मुलीने ताट बाजूस सारले, तेव्हा "आजकालच्या मुलींचे फार लाड होतात," असे शब्द तिच्या कानी आले. त्या रात्री ती उपाशी निजली, आणि पुढे दोन वर्षे कोणत्याही समारंभास येण्यास तयार होईना. आजाराने तिची उंची खुंटली होती ती भरून निघाली; पण या गोष्टीने मनात जे खुंटले, ते भरून येण्यास अधिक काळ लागला. वजन उतरविण्याकरिता गहू सोडण्याची टूम सध्या निघाली आहे. तिच्यामुळे तर खरे रोगीही हौशी समजले जातात.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. उपवर मुलामुलींच्या बाबतीत हा आजार लपविण्याकडे कल असतो, विशेषतः मुलीच्या. परिणाम काय होतो? नववधू सासरी जाते, पहिल्याच दिवशी पुरणपोळी वाढली जाते, आणि ती मुकाट्याने खाते. काही महिन्यांत रक्तक्षय, अशक्तपणा. आणि आजार आटोक्यात नसल्यास गर्भधारणेतही विघ्ने येऊ शकतात. सांगितले असते, तर एक वेगळा तवा व वेगळा हिंग, एवढ्यावर भागले असते! पथ्य पाळणारी व्यक्ती सर्वसामान्य निरोगी आयुष्य जगते, नोकरी करते, संसार करते, अपत्यांस जन्म देते. यात लपविण्याजोगे काय आहे? आमच्या कन्येच्या पत्रिकेबरोबर हा मजकूरही पहिल्याच भेटीत दिला जाईल, असे आम्ही घरात ठरविले आहे. ज्या घरास एक तवा जड होईल, ते घर आम्हांसही जड होईल.

यास्तव मंडळापुढे आम्ही चार विनंत्या ठेवतो. त्यांस खर्च फारसा नाही.

पहिली: मंडळाच्या प्रत्येक भोजनप्रसंगी भात, साधे वरण, एक भाजी व एक गोड पदार्थ बिनगव्हाचा करावा, त्यात साधा हिंग घालू नये, तो पोळी-पुरीच्या कामापूर्वी शिजवून झाकून ठेवावा आणि वेगळ्या पळीने, प्रथम वाढावा. हे पथ्यकरी पाहुणे पंगतीतच बसावेत. कोपऱ्यात वेगळे टेबल मांडू नये.

दुसरी: सत्यनारायणाच्या प्रसादाविषयी. प्रसाद नाकारणे कोणाच्याही जिवावर येते, आणि आपला प्रसाद म्हणजे सव्वा मापाचा रव्याचा शिरा. परंतु सत्यनारायणाच्या पोथीतच असे सांगितले आहे की, गव्हाचे पीठ न मिळाल्यास तांदळाचे पीठ चालते आणि साखर नसल्यास गूळ. म्हणजे आम्ही काही नवीन मागत नाही. मंडळाच्या पूजेत शिरा तांदळाच्या रव्याचा करावा. तो सर्वांनाच घेता येईल.

तिसरी: मंडळाच्या आरोग्यशिबिरात, गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय किंवा खुंटलेली वाढ असलेल्या मुलामुलींना या तपासणीविषयी डॉक्टरांशी बोलण्याचा सल्ला द्यावा. कदाचित आपल्यातच एखादे मूल दोन वर्षे टॉनिक घेत बसले असेल.

चौथी: वसतिगृहात एक लहान शेगडी, एक तवा व एक कुलूपबंद डबा अशा विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावा. घरच्या पथ्यामुळे परगावचे शिक्षण सोडावे लागू नये.

शेवटी, ज्यांच्या घरी नुकतेच हे निदान झाले असेल त्यांस दोन शब्द. पहिले तीन महिने कठीण जातात. शेजारीपाजारी सल्ले देतील, आप्त रुसतील, मूल रडेल. त्यास आजारी म्हणून वाढवू नये. त्याच्यासमोर इतरांनी चोरून पोळी खाऊ नये, आणि त्याच्याविषयी कीव करीत बसू नये. घरातील प्रत्येकास या कामाचा एकेक वाटा द्यावा. ज्यांस काही विचारावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर अवश्य भेटावे. निवडलेल्या ज्वारीचा नमुना, हिंगाच्या दोन डब्या आणि तांदळाच्या चकल्या आम्ही बरोबर आणल्या आहेत. चकल्या कन्येने स्वतः केल्या आहेत, व त्या सर्वांना पुरतील इतक्या आहेत.